रक्त का कमी आहे, ते विचारा

गेल्या अंकात रक्ताविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. काही पत्रांचे विषय सारखेच होते, त्यांनाही यातच उत्तर मिळेल.

आधी एक सांगते. मी डॉक्टर नाही. विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं तंत्रज्ञ होते. नोकरीला लागले तेव्हा साहलीच्या नळीत रक्ताचा थेंब आम्लात मिसळायचा, थेंबाथेंबानं पाणी घालायचं आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की हिमोग्लोबिन वाचायचं, अशी पद्धत होती. निवृत्त झाले तेव्हा यंत्र मिनिटभरात वीसेक आकडे छापून देत होतं. दोन्ही काळांत माझा भरवसा एकाच गोष्टीवर राहिला: काचपट्टीवर पसरलेला थेंब आणि सूक्ष्मदर्शकाला लावलेला डोळा. औषध सांगणं माझं काम नाही. रिपोर्ट वाचायला आणि पुढचा प्रश्न विचारायला मी मदत करू शकते.

आमच्या पुस्तकात लिहिलंय की तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. मग ती जिवंत कशी? आणि पोलीस रक्ताच्या डागावरून डीएनए कसा काढतात?
— इयत्ता दहावीचा विद्यार्थी, संगमनेर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. डीएनए पांढऱ्या पेशींतून मिळतो. काचपट्टीवर सहा-सातशे तांबड्या पेशींमागे एखादी पांढरी पेशी दिसते. लीशमनचा रंग दिला की तिचं केंद्रक पिकल्या जांभळासारखं उठून दिसतं. डाग लहान असला तरी त्यात अशा हजारो पेशी असतात आणि तेवढ्या तपासाला पुरतात.

आता तांबडी पेशी. दोन्ही बाजूंनी बोटानं दाबलेला पेढा डोळ्यांसमोर आण. मध्ये पातळ, कडेला जाड. म्हणून ती सूक्ष्मदर्शकाखाली मध्ये फिकट आणि कडेला गडद दिसते. एका मिलिमीटरमध्ये अशा सव्वाशेहून जास्त पेशी ओळीनं मावतील. हाडांच्या मगजात ती तयार होते तेव्हा तिलाही केंद्रक असतं. बाहेर पडण्याच्या बेतात असताना ती ते टाकून देते. कोंबडीची किंवा बेडकाची तांबडी पेशी असं करत नाही, तिच्यात केंद्रक शेवटपर्यंत राहतं. बाजारातून आणलेल्या कोंबडीच्या रक्ताची पट्टी मी नव्या मुलींना मुद्दाम दाखवायचे. आधी माणसाची, मग कोंबडीची. एकदा पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

केंद्रक गेल्यानं दोन फायदे होतात. हिमोग्लोबिनला जागा मिळते, एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. आणि अंग लवचीक होतं, त्यामुळे स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती दुमडून पुढे सरकते. केंद्रकाबरोबर तिनं मायटोकॉन्ड्रियाही सोडलेले असतात, म्हणजे ऑक्सिजन जाळण्याची भट्टीच तिच्याकडे नाही. शरीरभर ऑक्सिजन वाहून नेणारी ही पेशी स्वतःसाठी त्यातला कणही वापरत नाही. थोडं ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय मोडून ती आपलं भागवते. त्या ऊर्जेवर ती आत शिरलेलं सोडियम बाहेर काढत राहते, आकार टिकवते, हिमोग्लोबिन खराब होऊ देत नाही. याला जिवंत म्हणायचं की नाही? मी तरी म्हणते. फक्त तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. नवं प्रथिन बनवायचं तर त्याचा नकाशा केंद्रकात होता आणि तो गेला. म्हणून झीज होत होत साधारण १२० दिवसांत ती संपते.

एक गणित करून बघ. मोठ्या माणसाच्या अंगात अंदाजे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. सगळ्या १२० दिवसांत बदलायच्या, तर सेकंदाला किती नव्या लागतील? उत्तर २० लाखांच्या वर आलं पाहिजे. तू हे वाक्य वाचून संपवेपर्यंत तेवढ्या कितीतरी जन्मल्या आणि तेवढ्याच गेल्या.

जातात कुठे? बऱ्याचशा पाणथरीत, म्हणजे प्लीहेत. तिथल्या फटी इतक्या अरुंद असतात की ताठरलेली म्हातारी पेशी अडकते आणि तिथल्या भक्षकपेशी तिला गिळतात. लोह काढून पुन्हा मगजाकडे पाठवलं जातं. उरलेल्या रंगद्रव्याचं पिवळं बिलिरुबिन होतं, ते यकृतातून पित्तात उतरतं आणि शौचाला रंग देतं. क्रिकेटचा चेंडू मांडीवर बसला की पुढे काय होतं ते आठव. डाग आधी काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा. तोच सगळा प्रवास तुझ्या कातडीखाली उघड दिसत असतो.

माझी किडनी थोडी कमजोर आहे. रक्त वाढण्यासाठी आठवड्याला इंजेक्शन घेतो. मधुमेह १८ वर्षं. तीन महिन्यांची साखर ५.९ आली, सगळे खूश आहेत. पण घरच्या मशिनवर सकाळी १७० ते १९० दिसते. मशिन बिघडलं का?
— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, मशिन एकदा प्रयोगशाळेतल्या साखरेशी पडताळून घ्या, पण माझा संशय मशिनवर नाही.

'तीन महिन्यांची साखर' म्हणजे एचबीए१सी. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि पेशी संपेपर्यंत चिकटलेलीच राहते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनवर साखर बसली आहे यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज बांधतात. पेशी १२० दिवस जगते, हे यात गृहीत धरलेलं असतं.

तुमच्याकडे नेमकं तेच गृहीत ढळलं आहे. मगजाला 'पेशी बनव' असा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होतं. मूत्रपिंड थकलं की निरोप कमी पडतो, रक्त उतरतं, म्हणून तुम्हाला ते इंजेक्शनातून देतात. इंजेक्शनानं ताज्या पेशींची भरती होते. ताज्या पेशीला साखरेत भिजायला वेळच मिळालेला नसतो. शिवाय किडनीच्या आजारात पेशींचं आयुष्यही घटतं. परिणामी टक्केवारी खोटी कमी दिसते. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचंही असंच होतं. उलट, लोहाच्या कमतरतेत ती खोटी जास्त दिसू शकते.

महिनाभराच्या सकाळच्या आणि जेवणानंतरच्या नोंदी वहीत लिहा आणि वही व रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. ५.९ बघून औषध कमी करू नका. १९० बघून स्वतःच्या मनानं वाढवूही नका, किडनीच्या रुग्णात साखर एकदम खाली जाण्याचा धोका मोठा असतो.

वय ३८. हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही ६६. जिना चढताना धाप लागते. सासूबाई बीट, खजूर, गूळ देतात, तीन महिने झाले, फरक नाही. गोळ्यांनी मळमळतं आणि शौच काळी होते म्हणून सोडल्या. आणखी एक, लिहायला लाज वाटते. मला मुलाची पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. रोज दोन-तीन खाते.
— एक वाचक, वाई

ताई, पेन्सिलीचं लिहिलंत हे फार बरं केलंत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, ते लक्षण आहे. शरीरातलं लोह आटलं की कुणाला पेन्सिल खावीशी वाटते, कुणाला माती, कच्चे तांदूळ, खडू, बर्फ. रक्त घेताना मी बायकांना हळूच विचारायचे, 'काही वेगळं खावंसं वाटतं का?' कितीतरी जणी आधी दाराकडे बघायच्या, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करायच्या आणि मग मान हलवायच्या. लोह भरून आलं की ही इच्छा जाते. डॉक्टरांना हे नक्की सांगा.

तुमच्या रिपोर्टात ८.४ पेक्षा मला ६६ महत्त्वाचं वाटतं. एमसीव्ही म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ते ८० ते १०० असायला हवं. तुमच्या पेशी लहान आहेत. काचपट्टीवर त्या फिकट दिसत असतील, मधला पांढरा भाग पसरलेला आणि कडेला रंगाची बारीक रेघ, काही तर लांबट, पेन्सिलीसारख्या. बी१२ कमी पडलं असतं तर पेशी मोठ्या झाल्या असत्या. म्हणजे 'रक्त कमी' हे नाव एकच, पण आजार वेगवेगळे. लहान पेशींचं सर्वांत नेहमीचं कारण लोहाची कमतरता. दुसरं कारण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे एका पालकाकडून आलेला हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष. त्यात लोह भरपूर असूनही पेशी लहानच राहतात आणि गोळ्या उगाच पोटात जातात. म्हणून फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी करून घ्या. ते कमी आलं की लोहाचंच कारण पक्कं.

आता सासूबाईंच्या बिटाविषयी. त्यांची माया खरी आहे, ती नाकारू नका. पण बीट लाल आहे म्हणून त्यानं रक्त होत नाही, त्याच्या रंगाचा लोहाशी संबंध नाही. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं आणि भाज्यांतल्या लोहाचा अगदी थोडा भाग अंगी लागतो. गूळ-खजूर खा, पण ८.४ ची तूट त्यांनी भरणार नाही. स्वयंपाकघरातून मदत हवी असेल तर लोखंडी कढईत भाजी करा, जेवणात लिंबू किंवा आवळा घ्या आणि चहा जेवणापासून तास-दीड तास लांब ठेवा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. आपल्याकडे जेवण झालं की लगेच कप पुढे येतो. बायकांच्या रक्ताचं त्या एका सवयीनं फार नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

गोळ्यांनी शौच काळी होते कारण न शोषलेलं लोह बाहेर पडतं. त्याची भीती नको. मात्र गोळी चालू नसताना शौच डांबरासारखी काळी, चिकट होत असेल तर ते पोटातलं रक्त असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मळमळत असेल तर डॉक्टरांना गोळी बदलून मागा, जेवणानंतर किंवा एक दिवसाआड घेतली तर चालेल का ते विचारा. दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह चांगलं शोषलं जातं, हे अलीकडे दिसून आलं आहे. कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी तिच्याबरोबर नको. आणि हिमोग्लोबिन १२ ला पोचलं म्हणून थांबू नका. कोठार भरायला पुढे आणखी सुमारे तीन महिने लागतात. औषध लागू पडलं की आठवडा-दीड आठवड्यात कोवळ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि महिन्याभरात आकडा एक-दोन ग्रॅमनं चढतो. नाही चढला तर गोळी वाढवण्याआधी कारण शोधायचं.

कारण. ताई, तुमच्या पत्रात हेच राहून गेलंय आणि कुणी तुम्हाला विचारलेलंही दिसत नाही. तुमचं लोह जातंय कुठे?

हिशेब मांडून बघू. साधारण जेवणातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह अंगी लागतं. त्यातलं एकेक रोजच्या झिजेत जातं. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर आणखी ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह गेलं. त्याहून जास्त जात असेल तर जमाखर्च जुळूच शकत नाही, कितीही खजूर खा. पाळी किती दिवस, दिवसाला पॅड किती, गाठी पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का, हे कागदावर लिहून घेऊन जा. गर्भाशयात गाठ आहे का ते सोनोग्राफीत कळेल. मूळव्याध आहे का? शेतात अनवाणी काम करता का? तसं असेल तर आकडीकृमीसाठी शौच तपासा. दुखण्याच्या गोळ्या नेहमी घेता का?

हा शेवटचा प्रश्न माझ्या आईमुळे शिकले. आमच्या गावात एक डॉक्टर तिला वर्षानुवर्षं लाल टॉनिक देत होते. 'बायकांचं रक्त असंच असतं,' म्हणत. मीही तेव्हा नवी होते, मानलं. एका दिवाळीला घरी गेले तर चकल्या तळताना आई दोनदा खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या बोटाचा थेंब काचपट्टीवर पसरून प्रयोगशाळेत नेला. लहान, फिकट, पेन्सिलीसारख्या पेशी. हिमोग्लोबिन ६. पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती, मग लोह गेलं कुठे? शौच तपासली तर त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त होतं. गुडघ्यांसाठी घेतलेल्या गोळ्यांनी पोटात व्रण झाला होता आणि तो रोज थोडा थोडा झिरपत होता. त्यावर उपचार झाल्यावर ती आणखी १९ वर्षं जगली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त जणींना एखादी गोष्ट होते, म्हणजे ती 'अशीच असते' असं समजायचं का? मला हे कधीच पटलं नाही.

रक्तदान केल्यावर किती दिवसांत रक्त भरून येतं?
— नोकरदार तरुण, पुणे

पाणी आणि प्लाझ्मा एक-दोन दिवसांत. तांबड्या पेशी भरायला चार ते आठ आठवडे. ३५० मिलिलिटरबरोबर दीडशे मिलिग्रॅमहून जास्त लोह जातं, ते सावकाश भरतं. म्हणून पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं असा नियम आहे, आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर घेत नाहीत. तुमच्या पिशवीतल्या पेशी शीतपेटीत २ ते ६ अंशांवर, पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिरं थांबतात आणि रक्तपेढ्या रिकाम्या होतात. जमलं तर तुमची रक्तदानाची वेळ मे महिन्यात येईल असं बघा.

कॉलेजच्या शिबिरात माझ्या २२ वर्षांच्या मुलीची सिकलसेल तपासणी झाली. 'एएस' आलं. आता चांगलं स्थळ आलंय. तिला आजार आहे का? मुलाकडच्यांना सांगावं का? सांगितलं तर लग्न मोडेल अशी तिच्या आईला भीती आहे.
— एक वडील, आरमोरी, जि. गडचिरोली

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी निम्मी नोकरी याच पेशी बघण्यात गेली.

आधी मुलीचं. तिला आजार नाही. ती वाहक आहे. हिमोग्लोबिन बनवणारी दोन जनुकं असतात, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. तिचं एक नेहमीचं, 'ए', आणि एक सिकलचं, 'एस'. तिच्या पेशी रोजच्या आयुष्यात गोलच राहतात, ती शेतात राबू शकते, शिकू शकते, बाळंत होऊ शकते. तिला ना गोळी लागते ना पथ्य. भर उन्हात खूप कष्टाचं काम असेल तर पाणी पीत राहावं, एवढंच. आणि तिला तो 'एस' तुमच्या दोघांपैकी कुणाकडून तरी आलाय, म्हणून तुम्ही नवराबायको आणि तिची भावंडं, सगळ्यांनी तपासून घ्या.

आजार 'एसएस' असणाऱ्यांना होतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा फरकानं ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनच्या काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. अशी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच जगते, म्हणून मुलं फिकट, डोळे पिवळे. हातापायांची बोटं सुजून रडणाऱ्या तान्ह्या बाळांचं रक्त मी घेतलंय. ती रडणी मला अजून ऐकू येतात, म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते: सांगा. लग्नाआधी सांगा.

सांगायचं ते असं, 'आमच्या मुलीची तपासणी झाली आहे, तुमच्या मुलाचीही करूया.' मुलगा 'एए' निघाला तर यांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होणार नाही. फार तर काही मुलं मुलीसारखीच वाहक होतील. मुलगाही 'एएस' निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता 'एसएस' बाळाची. चारात एक म्हणजे पहिलं मूल आजारी झालं की पुढची तीन सुटली, असं नव्हे. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. तशा जोडप्याला गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात बाळाची तपासणी करता येते, पण त्यासाठी आधी ठाऊक असावं लागतं. लग्न करायचं की नाही हे त्या दोघांनी हे सगळं कळल्यावर ठरवावं.

एक खबरदारी मात्र नक्की घ्या. शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी करतात. नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, मागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. चाचणी चांगली आहे, पण ती दोन गोष्टी सांगू शकत नाही. पॉझिटिव्ह माणूस 'एएस' आहे की 'एसएस', हे तिच्यातून कळत नाही. आणि निगेटिव्ह माणूस थॅलेसेमिया मायनर असू शकतो. सिकलचा वाहक आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक यांच्या बाळालाही सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. म्हणून मुलाचं नुसतं 'निगेटिव्ह' पुरेसं धरू नका. दोघांचंही इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. मुलीच्या कागदावर 'एएस' कोणत्या चाचणीवरून लिहिलंय, तेही बघा.

आणि मुलाकडचे म्हणाले की 'हा तर आदिवासींचा आजार, आमच्यात नाही,' तर ते मानू नका. आपल्या विदर्भात अनेक जातींत मी 'एस' पाहिला आहे. हे जनुक इथे टिकलं त्यामागे मलेरिया आहे. वाहक मूल मलेरियाच्या गंभीर आजारातून जास्त तगायचं, म्हणून पिढ्यानुपिढ्या ते पुढे आलं. तुमच्या लेकीच्या कुणा पूर्वजाला त्यानं कदाचित वाचवलंही असेल. हे तिच्या आईला सांगा.

सिकलसेलची तपासणी आणि समुपदेशन जिल्हा रुग्णालयात मोफत होतं. सकाळी लवकर जा, मुलीलाही बरोबर न्या, समुपदेशकाशी तिलाच बोलू द्या. मुलाचा रिपोर्ट आला की त्यातल्या 'एस' आणि 'ए२' (यावरून थॅलेसेमियाचा वाहक ओळखतात) या दोन ओळींपुढचे आकडे मला लिहून पाठवा. नाव नको, आकडे पुरेत. त्यांचा अर्थ काय आणि डॉक्टरांना पुढे काय विचारायचं, ते मी तुम्हाला पत्रानं कळवीन.